चिपळ्यांचा तास

या मंडळी, असे जवळ सरकून बसा. बुवांसारखी लांबण लावत नाही. चौऱ्याहत्तर सालची, चिंचवडच्या एका कॉलेजातली गोष्ट आहे. मोजून शंभर शब्दांत सांगतो. एकदा पांडुरंगाचं नाव घ्या आणि ऐका.

गोविलकर सर पदार्थविज्ञान कीर्तनासारखं शिकवत. चिपळ्या वाजवून ते नियम गात आणि मुलं ध्रुपद उचलत. कॉलेजच्या एका संचालकाला हा तमाशा वाटला. त्यानं वर्गात येऊन सरांच्या चिपळ्या उचलल्या आणि मुलांची मतं विचारली. पहिल्या बाकावरच्या वत्सलाकडे बोट दाखवलं. तिचे वडील त्याच्याच कारखान्यात टेम्पररी होते. "पोरीला सरांविरुद्ध बोलायला सांग, नाहीतर गेट बंद," असा निरोप कालच घरी आला होता. "सर काहीच शिकवत नाहीत," ती खाली बघून म्हणाली. संचालक खूश झाला. "ऐकलंत का बुवा? असंच वाजवता ना?" म्हणत त्यानं चिपळ्या खुळखुळवल्या. सवयच ती! वत्सलाच्या तोंडून आपोआप निघालं, "दाब वाढता जागा आटे..." तिनं घाबरून तोंडावर हात दाबला. तोवर अख्ख्या वर्गानं ध्रुपद उचललं होतं, "फार तापता भांडे फाटे!"

सरांची नोकरी गेलीच, आणि वत्सलाच्या वडिलांचं गेटही बंद झालं. घरात मात्र तिला कुणी बोल लावला नाही. मंडळी, कीर्तनात चिपळ्या वाजल्या की हात जोडाल, तेव्हा तोंडावर हात दाबून बसलेल्या त्या पोरीची आठवण ठेवा.