नवऱ्याच्या चपला

रक्ततपासणीत गरोदर बाईला गुप्तरोग निघाला. नर्स म्हणाली, “ताई, वेळेत इंजेक्शनं घेतली तर बाळ वाचेल. पण नवऱ्यालाही घ्यावी लागतील, नाहीतर त्याच्याकडून पुन्हा लागण होईल.” नवरा चपलांच्या दुकानात विक्रेता, गिऱ्हाइकाच्या पायाचं माप नजरेनंच सांगणारा. आज दवाखान्यात मात्र त्याची नजर दाराकडे. “मला काय धाड भरलीय?” म्हणत तो सटकला, तर दाराबाहेर चपला गायब! बायको आपलं इंजेक्शन घेऊन, सुजलेल्या पायांत त्याच अडकवून बाकावर ऐसपैस बसलेली. “चपला दे.” “आधी सुई.” “लोक काय म्हणतील?” “अनवाणी गेलास तर जास्त म्हणतील. हा रोग कुणाकडून आणलास, तो हिशेब बाळंतपणानंतर.” तो आत गेला आणि कंबर चोळत बाहेर आला. “आता तरी दे!” पोटावर हात ठेवून ती उठली. “पुढच्या आठवड्यात दुसरं इंजेक्शन. तोवर माझ्याच पायात.”