उजवा हात

शारजाच्या चर्चमध्ये सुट्टीच्या दिवसाची, शुक्रवारची उपासना आटोपली आणि दीनाबाई साळवे मंडळीपुढे उभ्या राहिल्या. मायदेशी ख्रिस्ती स्त्रियांना घटस्फोट सोपा करणारा कायदा येऊ घातला होता. त्याविरुद्ध ठराव धाडायचा होता.

"देवाने जोडलेले सरकारने तोडू नये. संमती असेल त्यांनी उजवा हात वर करावा."

सगळे हात वर गेले. जावई विल्सनचा सर्वांत उंच. त्याच्या शेजारी लेकीचा मात्र मांडीवरच राहिला.

"रिबेका, चारचौघांत आईची शोभा करू नकोस. हात वर कर."

"वर जातच नाही, आई. ईदच्या सुट्टीत यांनी पिरगाळला, तेव्हापासून."

दीनाबाईंनी स्वतःचा हात खाली घेतला.

"मंडळी, हात खाली घ्या. ठराव रद्द. विल्सन, तुम्ही मात्र वरच ठेवा. तो सर्वांना नीट दिसू द्या."