अजून पाच मिनिटं

डिसेंबरात अमेरिकेतल्या केप कॉडचा समुद्र गारठला, की बधिरलेली कासवं किनाऱ्याला लागतात. त्यांना वाचवायला थेल्मा किनारा पालथा घालायची. त्या सकाळी सापडलेलं ताटाएवढं कासव पापणीही हलवेना. “मेलंय गं, राहू दे,” सोबतची प्रिसिला म्हणाली. “ऊब मिळेपर्यंत कुणाला मेलं म्हणायचं नाही!” थेल्मा फटकन बोलली. कोरड्या शेवाळात गुंडाळून तिने ते कासवांच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी ऊब देत त्याच्या छातीला यंत्र लावलं. पडद्यावर ठोका दिसेना. “गेलंय, थेल्मा.” “अजून पाच मिनिटं बघा ना.” “बरीच वाट पाहिली आपण.” थेल्माने डॉक्टरांचा हात धरला. “माझ्या मॅन्युएलला खाडीतून काढलं, तेव्हा होडीवरची पोरं छाती दाबत होती. गार कपाळाला हात लावून मीच म्हणाले, पुरे करा, गेला माझा लेक.” डॉक्टरांनी यंत्र पुन्हा टेकवलं. अर्धा तास कुणीच हललं नाही. ठोका आला नाही.