उपाशीपोटी

"चहा नको, वहिनी," शिरीष म्हणाला, तेव्हाच मेधाला शंका आली. धाकटा दीर चहाला कधी नाही म्हणत नसे. त्यातून आज अंगात शर्ट तिच्या नवऱ्याचा, गिरीशचा होता.

तेवढ्यात विमा कंपनीचा माणूस रक्त घ्यायला आला. "गिरीश आपणच ना?" त्याने विचारलं आणि शिरीषने बाही वर केली. दोघा भावांचे चेहरे इतके सारखे, की त्या माणसाने आधार कार्डावर फक्त नजर टाकली. खरा गिरीश स्वयंपाकघरात डायबेटिसच्या गोळ्यांची डबी मुठीत धरून उभा होता. मेधाने सगळं पाहिलं.

पंधरा दिवसांनी पॉलिसी नाकारल्याचं पत्र आलं. सोबतच्या रिपोर्टमध्ये साखर नॉर्मल होती. किडनी मात्र निम्मीही काम करत नव्हती.

"लॅबवाल्यांनी घोळ घातलाय," गिरीश चिडून म्हणाला. "मला किडनीचा काही त्रास नाही. तक्रारच करतो."

त्याने मोबाइल उचलला. मेधाने रिपोर्ट त्याच्यापुढे सरकवला.

"तक्रार राहू द्या," ती म्हणाली. "आधी भाऊजींना फोन लावा."