अंतरपाटाची दुसरी बाजू

आजारपणात शरयूबाईंच्या स्मृतीतले जे रकाने कोरे पडले, ते काल त्यांच्या नवऱ्याच्या, दिगंबररावांच्या स्मृतीतून भरून घेतले होते.

“आपलं लग्न आठवतं?” दिगंबररावांनी भीत भीत विचारलं.

शरयूबाईंनी डोळे मिटले. सनई, अक्षता, मांडवातून झिरपणारं पिवळं ऊन. अंतरपाट दूर झाला आणि समोर मुंडावळ्यांआड हसू दाबणारी एक मुलगी दिसली.

“अगंबाई, ही तर मीच! किती गोड दिसत होते हो!”

“आणि मी?”

त्यांनी मनातला सगळा मांडव धुंडाळला. “सगळे आहेत. तुम्हीच तेवढे कुठे दिसत नाही.”

दिगंबररावांनी त्यांच्या पायांवरची शाल उचलली, दोघांच्या मध्ये धरली आणि हळूच खाली सोडली.

“आता बघ.”