चवीचे दोन कागद

केटररचा एक नियम होता. रिसेप्शनचा मेन्यू पक्का होण्याआधी मुलीच्या आई-वडिलांनी, दोघांनीही, पदार्थ चाखायचे आणि आपापला अभिप्राय वेगळ्या कागदावर लिहून द्यायचा. वडील एकटेच आले. "हिला जमलं नाही," म्हणाले आणि दोन्ही कागद मागून घेतले. प्रत्येक पदार्थाचे दोन-दोन चमचे खाऊन त्यांनी तासाभरात दोन्ही भरले.

केटररने कागद शेजारी शेजारी ठेवले आणि त्याला हसू आवरेना. "साहेब, सूप तुम्हाला फक्कड, वहिनींना खारट. सरबत तुम्हाला आंबट, वहिनींना झकास. एका तरी पदार्थावर एकमत?"

"तीस वर्षांत एकदाही झालं नाही."

"मग ऐकू कुणाचं?"

"तिचंच. नाहीतर घरी माझी खैर नाही."

शेवटचा प्रश्न बसण्याच्या व्यवस्थेचा होता. "स्टेजजवळ तुम्हा दोघांच्या खुर्च्या लावतो. वहिनींना पंख्याखाली चालेल ना?"

वडिलांनी पेनाला टोपण लावलं.

"खुर्ची एकच लावा. दोन वर्षं झाली तिला जाऊन," ते म्हणाले. "मीठ मात्र तिच्या कागदाप्रमाणेच घाला."