ऑर्मरॉडची जबानी

लँकेशायरमधल्या त्या शनिवारच्या फुटबॉल सामन्यात एझ्रा क्लेगने चेंडू सोडून थेट पायावर लाथ घातली आणि ऑर्मरॉडची नडगी मोडली. पंचांनी ते पाहिलं नाही. मंगळवारी चौकशी होती, म्हणून सोमवारी एझ्रा इस्पितळात गेला.

खाटेवरचा ऑर्मरॉडच आधी म्हणाला, "ये रे बाबा. चौकशीवाले सकाळीच येऊन गेले. चिखलात माझाच पाय घसरला, असं लिहून दिलंय मी."

"अरे, पण का?"

"माझा खेळ तर संपलाच. तुझ्यावर खेळबंदी आणून तुला कशाला परत कोळशाच्या खाणीत उतरवू? आणि माफी मागायला एवढ्या लांब आलास, तेच पुष्कळ झालं."

एझ्राची मान वर होईना. तो माफी मागायला आलाच नव्हता. हेच खोटं बोल, अशी गळ घालायला आला होता.